ओतून दिलेले पाणी

“आधी पाणी ओतून टाक,” बाई म्हणाल्या आणि मी ते ओतून टाकले. घडले ते एवढेच. रिओ द जानेरोच्या उत्तरेला, सेरा दोस ऑर्गाओसच्या डोंगरांतल्या एका खासगी राखीव जंगलात आमचा चार जणांचा गट गेला होता. आदल्या रात्रीच्या वादळाने एका जुन्या झाडाची मांडीएवढी जाड फांदी मोडली होती आणि खाली येता येता ती बांबूच्या बेटात अडकून उभीच राहिली होती. एरवी वीस-पंचवीस मीटर उंचीवर, दुर्बिणीतूनच दिसणारी ब्रोमेलियाडची, म्हणजे अननसाच्या कुळातली, रोपे त्यामुळे आमच्या छातीला लागतील इतकी खाली आली होती. त्यांतले व्रिएसिया या प्रकाराचे एक रोप ऐन फुलोऱ्यात होते. पात्यासारखा चपटा तुरा, त्यावर दोन्ही बाजूंनी बसवल्यासारखी लालभडक सहपत्रे, म्हणजे फुलांखालची रंगीत पाने, आणि त्यांच्या फटींतून डोकावणारी दोन पिवळी फुले. मी दोन्ही हातांनी रोप बुडाशी धरले, फांदीवरची मुळे कोयत्याच्या टोकाने सोडवली आणि ते आडवे केले. चहाच्या रंगाचे, गारेगार, कुजलेल्या पानांचा गोडसर वास असलेले पाणी माझ्या बुटांवर आले आणि मग येतच राहिले. एवढ्याशा रोपात इतके पाणी मावत असेल, हे मला पुस्तकांतून ठाऊक होते, पण ते हातांना ठाऊक नव्हते. पाणी संपता संपता एक काळा ठिपका घरंगळत पाचोळ्यावर पडला आणि तडफडू लागला. बेडूकमासा होता. मी तो ओंजळीत उचलून त्याच फांदीवरच्या दुसऱ्या रोपाच्या टाकीत, म्हणजे पानांच्या बुडांशी साठलेल्या पाण्यात, सोडला खरा, पण ते पाणी त्याला मानवले का, तिथे आधीपासून कोण राहत होते, आणि फांदी आणखी किती दिवस उभी राहिली, यांतले काहीच मला पुढे कळले नाही.

नोंदवहीत मात्र त्या पाण्याबद्दल मी एक शब्दही लिहिला नाही.

लिहिण्यासारखे इतर पुष्कळ होते, हेही खरेच. ब्रोमेलियाड हे हर्बेरियमचे, म्हणजे दाबून वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहाचे, नावडते पोर आहे. पाने जाड, रोप अवजड, कित्येक जातींच्या पानांना करवतीसारखे काटे, आणि वर हे पाणी. दमट जंगलात चालून चालून थकलेला संग्राहक गवताची दहा पाती आनंदाने दाबतो आणि ब्रोमेलियाड दिसले की नजर चुकवतो, असे बाई म्हणत, आणि त्यात त्या स्वतःलाही धरत. त्या संध्याकाळी पत्र्याच्या पडवीत बसून आम्ही ते एक रोप कागदावर आणले, त्याला पावणेदोन तास लागले. आधी उंची, पानांची संख्या, पानाची लांबी-रुंदी. मग दोन पाने अगदी बुडापासून अखंड काढायची, कारण नुसते पाते उपयोगाचे नसते. बुडाचा तो रुंद, चमच्यासारखा भागच जातीची ओळख सांगतो. बुंधा उभा चिरायचा. तुरा कागदात मावेना, म्हणून इंग्रजी व्ही अक्षरासारखा दुमडायचा. सर्वांत नाजूक काम फुलाचे. बाईंनी एक पाकळी चिमट्याने सोडवली, भिंगाखाली धरली आणि तिच्या बुडाशी असलेले दोन इवलेसे खवले मला दाखवले. व्रिएसिया आणि तिची जवळची नातलग टिलांड्सिया यांच्यातली सीमारेषा अनेक वर्षे या दोन खवल्यांवरच काढली जात होती. ते ताजेपणीच पाहावे लागतात, कारण व्रिएसियाची पाकळी सुकताना शेंबडासारखी विरघळून जाते. म्हणून एक फूल अल्कोहोलच्या बाटलीत गेले, उरलेले सगळे वर्तमानपत्राच्या घड्यांत, टिपकागदांच्या मध्ये, आणि प्रेसचे पट्टे ओढून बांधताना मी गुडघा टेकवून जोर लावला. कागदाखाली काहीतरी मोडल्याचा आवाज आला. तो आवाज मला अजून ऐकू येतो. चिठ्ठीवर मी लिहिले: ठिकाण, उंची, दिनांक, संग्राहकाचा क्रमांक, “आडव्या पडलेल्या फांदीवर”, “सहपत्रे लाल, पाकळ्या पिवळ्या”. रंग लिहावेच लागतात. महिन्याभरात ते लाल तपकिरी होते आणि पिवळे तर कोणत्याच रंगाचे राहत नाही. तरीही आता ती चिठ्ठी आठवली की पहिली चूक तिथेच दिसते: फांदी आडवी नव्हती, उभी होती. आडवे मी केले होते.

अपरिचित गोष्टीला आपण जवळची नावे देतो आणि तिथूनच गैरसमज सुरू होतो. झाडावर वाढणाऱ्या परक्या रोपासाठी मराठीत चटकन येणारा शब्द म्हणजे बांडगूळ, आणि त्यात शिवीचा अंश आहे. ब्राझीलमध्येही डोंगरातली माणसे अशा सगळ्याच रोपांना परजीवी म्हणून मोकळी होतात. वास्तविक बहुतेक ब्रोमेलियाड आपल्या झाडाकडून उभे राहण्यापुरती जागा घेते आणि दुसरे काही मागत नाही. अशा रोपांची मुळे प्रामुख्याने पकडीसाठी असतात. पिण्याचे काम पाने करतात, पानांवरच्या सूक्ष्म खवल्यांनी. टाकी असलेल्या जातींत पानांची बुडे एकमेकांत घट्ट बसून पाणी धरतात, त्यात पाचोळा कुजतो, आणि तेच रोपाचे शेत. त्याच कुळातले अननस मात्र जमिनीत मुळे रोवून गुमान वाढते. त्याचे नाव दक्षिण अमेरिकेतल्या तुपी-ग्वारानी भाषांतून पोर्तुगीजांच्या तोंडून आपल्यापर्यंत आले आणि इतके आपले झाले की ते परके वाटतच नाही. या कुळाच्या साधारण ३,७०० जातींपैकी आपल्या भाषेत घरोबा झालेली ती एकच. बाकी सगळ्या अमेरिकेच्या दोन्ही खंडांत आणि आसपासच्या बेटांवर राहिल्या. अपवाद पिटकेर्निया फेलिसियाना या जातीचा; ती पश्चिम आफ्रिकेत गिनीच्या खडकांवर एकटीच जाऊन बसली आहे. शास्त्रीय नावे तरी नेमकी असतील असे वाटते, तर तिथेही गंमत आहे. टिलांड्सिया हे नाव शास्त्रीय नावांची पद्धत रुजवणाऱ्या लिनिअसने एलियास टिलांड्झ याच्यावरून दिले. या गृहस्थाला समुद्र इतका लागला की परतताना त्याने जहाज टाळून स्वीडन आणि फिनलंडमधल्या बोथनियाच्या आखाताला पायी वळसा घातला म्हणे, आणि या रोपांनाही पाण्याचे वावडे असावे, अशी लिनिअसची समजूत. ज्या कुळातली रोपे पानांनी पाणी पिऊन जगतात, त्यातल्या सर्वांत मोठ्या प्रजातिसमूहाला पाण्याला भिणाऱ्या माणसाचे नाव मिळाले.

मी ओतले ते पाणी नुसते पाणी नव्हते, हे शोधून काढणारी माणसे फार पूर्वी होऊन गेली. फ्रिट्झ म्युलर हा जर्मन निसर्गअभ्यासक १८५२ मध्ये ब्राझीलच्या सांता कातारिना प्रांतात येऊन ब्लुमेनाऊला स्थायिक झाला. डार्विनशी त्याचा वर्षानुवर्षे पत्रव्यवहार होता. १८७९ च्या सुमारास त्याला ब्रोमेलियाडच्या टाकीत मोहरीच्या दाण्याहून लहान, दोन शिंपल्यांत मिटलेला एक कवचधारी जीव सापडला. अशा जीवांचे नातेवाईक तळ्यांत आणि समुद्रांत. हा मात्र झाडावर राहत होता. एका रोपातून दुसऱ्या रोपात तो जातो कसा, तर बेडकाच्या ओल्या अंगाला चिकटून. हे वाचल्यावर मी माझ्या ओंजळीचा नव्याने विचार केला. तो बेडूकमासा दुसऱ्या टाकीत सोडताना माझ्या बोटांवरून आणखी कोण कोण तिथे गेले असेल! पुढे कोस्टा रिकाच्या क्लोदोमिरो पिकादोने १९१३ मध्ये पॅरिसला सादर केलेल्या प्रबंधात ही टाकी म्हणजे एक स्वतंत्र जीवसृष्टी आहे असे मांडले आणि तिच्यातल्या प्राण्यांची भलीमोठी यादी दिली. हा माणूस नंतर सर्पविषावरच्या कामामुळे प्रसिद्ध झाला, पण मला तो आठवतो तो रोपांची पाने एकेक करून सोलताना. जमैकात तर एक खेकडा आहे, त्याची मादी ब्रोमेलियाडच्या टाकीत पिल्ले वाढवते. पाण्यातला पाचोळा ती उचलून बाहेर टाकते, पिल्लांवर येणाऱ्या शिकारी अळ्यांना हाकलते आणि गोगलगाईंचे रिकामे शंख आणून पाण्यात टाकते, म्हणजे त्यांतला चुना पाण्यात उतरतो आणि पिल्लांची कवचे नीट घडतात. पाळणाघर चालवणाऱ्या बाईची ही शिस्त आहे. कुणी घाईतला संग्राहक ते रोप उचलतो, उलटे करतो आणि चिठ्ठीवर लिहितो: पाने हिरवी, कडा काटेरी.

पण या पाण्याची दुसरीही बाजू आहे, आणि ती डावलून मला हळवे होता येणार नाही. ज्या पाण्यात बेडूकमासा वाढतो, त्यातच डासाची अळीही वाढते. सांता कातारिनाच्या किनारपट्टीवर विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मलेरियाने माणसे आजारी पडत होती आणि नेहमीच्या उपायांना तो दाद देत नव्हता. डबकी बुजवली, गटारे काढली, तरी डास होतेच, कारण त्यांची डबकी झाडांवर होती. ॲनोफेलिस क्रुझी हा तिथला मुख्य डास टाकीच्या पाण्यात वाढतो. मग १९४० च्या दशकात वस्त्यांभोवतीच्या जंगलांतून माणसे लावून ब्रोमेलियाड ओरबाडून काढण्यात आली आणि काही ठिकाणी जंगलच तोडले गेले. त्रिनिदादमध्ये कोकोच्या मळ्यांत सावलीसाठी लावलेल्या उंच झाडांवर हीच रोपे होती आणि तिथे त्यांच्यावर मोरचुदाचे पाणी फवारले गेले. त्या काळात कॉलिन पिटेंड्रिघ हा तरुण जीवशास्त्रज्ञ तिथे याच मलेरियाच्या कामावर होता. कोणती जात झाडाच्या कोणत्या थरात, किती उजेडात वाढते, हे त्याने बारकाईने पाहिले; डास कोणत्या वेळी चावतात हे पाहता पाहता त्याला सजीवांच्या आतल्या घड्याळाचे वेड लागले आणि पुढे तोच त्या विषयातला अध्वर्यू ठरला. सांता कातारिनात राउलिनो राइत्झ या पाद्री वनस्पतिशास्त्रज्ञाने मलेरियाच्याच निमित्ताने ब्रोमेलियाडचा अभ्यास केला. रोपांची मोजणी झाली, जंगलाचे थर नोंदले गेले. नष्ट करायच्या म्हणून ज्या रोपांकडे पाहिले, त्यांच्याइतके बारकाईने त्या प्रांतातल्या फारच थोड्या वनस्पतींकडे पाहिले गेले असेल. या इतिहासाचे काय करावे, हे मला ठरवता येत नाही. ज्या घरातले मूल थंडीतापाने फणफणले असेल, त्या घरासमोर उभे राहून टाकीतल्या मोहरीएवढ्या जीवाची महती सांगण्याची माझी छाती नाही. तरी मोरचुदाचा तो निळसर फवारा डोळ्यांसमोर आला की पोटात तुटते, हेही खरे.

मी ओतले ते दीड लिटर असेल, किंवा दोन.

कागदावर आलेली वस्तू तरी टिकते, असे म्हणून आपण स्वतःची समजूत घालतो. ब्रोमेलियाडचा जुना आणि मोठा अभ्यास कार्ल मेझ याने जर्मनीत केला. कित्येक जातींची ज्यावरून प्रथम व्याख्या झाली ते मूळ नमुने बर्लिनच्या हर्बेरियममध्ये होते. १ मार्च १९४३ च्या रात्री बॉम्ब पडले आणि त्या संग्रहाचा फार मोठा भाग जळून गेला. त्याआधी, १९२९ पासून, शिकागोच्या फील्ड म्युझियमतर्फे मॅकब्राइड नावाचा वनस्पतिशास्त्रज्ञ युरोपातल्या हर्बेरियमांमधून दक्षिण अमेरिकेतल्या मूळ नमुन्यांची छायाचित्रे काढत फिरत होता, आणि सुरुवात त्याने बर्लिनपासून केली होती. आज त्यांतल्या अनेक जातींचा मूळ नमुना म्हणजे एक कृष्णधवल छायाचित्र, कोपऱ्यात मोजपट्टी ठेवलेले. म्हणजे रोप गेले तेव्हा पाणी गेले, कागदावर आले तेव्हा रंग गेला, आणि आगीत तो कागदही गेल्यावर उरली ती त्याची सावली. तरी त्या सावलीवर कामे झाली. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियनमध्ये लायमन स्मिथ यांनी जन्मभर हेच कुळ हाताळले आणि रॉबर्ट डाउन्स यांच्यासह १९७४, १९७७ आणि १९७९ अशा तीन भागांत, दोन हजारांहून अधिक पानांत ते मांडले. बाईंच्या टेबलावर त्याचे तीनही भाग होते, बांधणी सुटलेले, समासांत शिसपेन्सिलीच्या तीन-तीन पिढ्यांच्या अक्षरांनी भरलेले. स्मिथ यांनी धरलेली तीन उपकुळे आता डीएनएच्या आधारे आठ झाली आहेत आणि पाकळीच्या बुडाचे ते दोन खवलेही नाते ठरवायला पूर्वीइतके भरवशाचे राहिले नाहीत. तरी ओळख पटवायची वेळ आली की बाई त्याच पुस्तकाकडे हात नेत. आणि रंग हवा असेल तेव्हा मार्गारेट मी यांच्या चित्रांकडे. ही इंग्रज चित्रकर्ती १९५० च्या दशकात ब्राझीलला आली आणि होडीतून, दलदलीतून फिरत जिवंत रोपासमोर बसून चित्रे काढत राहिली. निओरेगेलिया मार्गारेटी ही जात तिच्याच नावाची. तिच्या चित्रांतल्या पानांवर किडीने खाल्लेली भोके आहेत, सुकलेली टोके आहेत. चित्रातल्या रोपाकडे पाहताना ते आत्ताच कुणी कलते केले तर सांडेल, असा भास होतो. हर्बेरियमच्या कागदाकडे पाहताना तो कधीच होत नाही.

दोन वर्षांनी मी पुन्हा रिओला गेले. परदेशी माणसाला तिथे स्थानिक संस्थेच्या छत्राखालीच नमुने घेता येतात, आणि ते तिथल्याच संग्रहात राहतात. म्हणून आपला नमुना पाहायचा तर आपणच जावे लागते. लोखंडी कपाटांच्या ओळींत गारवा होता आणि कसला तरी कोरडा, किंचित औषधी वास. माझा कागद खाकी घडीतून बाहेर आला तेव्हा मी तो प्रथम ओळखलाच नाही. तुरा तपकिरी, व्ही आकारात दुमडलेला, पाने पुठ्ठ्यासारखी, उजव्या कोपऱ्यात माझी टंकलिखित चिठ्ठी, “आडव्या पडलेल्या फांदीवर”सह. मग मी भिंग घेऊन पानाच्या बुडाकडे वळले. त्या रुंद, चमच्यासारख्या भागावर आतल्या बाजूने, वरून साधारण एक तृतीयांशावर, एक बारीक गडद रेघ होती. वरचा भाग फिकट, खालचा काळसर. विहिरीच्या भिंतीवर पाण्याची पातळी उमटते तशी. त्या रेघेखाली पाचोळ्याचा वाळलेला चुरा चिकटला होता, त्यात कुणाचा तरी मोडका पाय, आणि एक गोल, चमकदार कण, जो कदाचित कवच असेल आणि कदाचित वाळूचा दाणा. मी बराच वेळ त्या रेघेकडे पाहत बसले. ती आम्ही दाबली नव्हती, लिहिली नव्हती, चित्रितही केली नव्हती, आणि तरी ती आली होती.

बाई पलीकडच्या टेबलावर होत्या. मी त्यांना म्हटले, “मला या कागदावर एक चिठ्ठी जोडायची आहे. पाण्याची.” मूळ चिठ्ठीला हात लावायचा नसतो; जे सांगायचे ते वेगळ्या कागदावर, आपले नाव आणि तारीख घालून लिहायचे, हा तिथला नियम मला माहीत होता. त्यांनी चष्मा वर सरकवला. “मोजले होतेस?” त्यांनी विचारले. “नाही.” “मग काय लिहिणार?” मी त्यांना सगळे सांगितले, बेडूकमाशासकट. त्या काही वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “ओतायला मीच सांगितले होते.” त्यांना ते आठवत असेल, हे माझ्या मनातही नव्हते. त्यांनी ड्रॉवरमधून कोऱ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा काढून माझ्यापुढे ठेवला आणि एवढेच बजावले की पहिला शब्द ‘आठवणीवरून’ असा असला पाहिजे, म्हणजे पुढच्या माणसाची फसगत होणार नाही.

मी तसे लिहिले. पुढे ‘फांदी उभी होती’ हे लिहायला अडचण आली नाही, बेडूकमासाही एकच होता याची खात्री होती. अडले ते पाण्यापाशी. दीड लिटर लिहिले, तर ती मोजणी दिसली असती. पुष्कळ लिहिले, तर तो नुसताच सुस्कारा झाला असता. अखेर पानाच्या बुडापासून त्या गडद रेघेपर्यंतचे अंतर मी पट्टीने मोजले. नऊ सेंटिमीटर आणि थोडे. तेवढे लिहून तारीख आणि नाव घातले. बाईंनी चिठ्ठीच्या मागे एका टोकालाच गोंद लावला, म्हणजे कुणाला वाटले तर ती उचलून खालचा कागद पाहता येईल, आणि बोटाने दाबून धरत पुढची घडी मागितली.